सहाव्या पानापर्यंत

दिवाळी अंकाला कथा पाठवायची तर ती ज्येष्ठ-आषाढातच हातावेगळी करावी लागते. तेव्हा सोबत स्वतःचा पत्ता घातलेलं, तिकीट लावलेलं पाकीटही जोडावं लागे. पोस्टमनच्या हातात आपल्याच अक्षरातला पत्ता दिसला की पाकीट फोडायची गरज नसे. आई स्वयंपाकघरातूनच विचारी, "आली का रे परत?"

काशिनाथ रघुनाथ मित्रांनी १९०९ साली 'मनोरंजन'चा दिवाळी अंक काढला, तेव्हापासून अशी किती पाकिटं घरोघरी परतली असतील! इतिहास मात्र छापून आलेल्यांचाच लिहिला जातो.

'सत्यकथा'चे संपादक राम पटवर्धन लेखकांना सविस्तर पत्रं लिहून कथा पुन्हा लिहायला लावत, हे ऐकून होतो. पण ते मासिक १९८२ सालीच बंद पडलं. माझ्या वाट्याला पत्र नाही, 'साभार परत'ची छापील चिठ्ठीच यायची. एका कथेवर मात्र समासात पेन्सिलीच्या बारीक खुणा होत्या. साखर कारखान्यातल्या काटा क्लार्कची गोष्ट. उसाच्या गाडीमागे थोडं वजन मारायचं, असा वरून हुकूम. खुणा सहाव्या पानापर्यंत होत्या. पुढची पानं कोरी. संपादक तिथंच थांबले होते.

चिठ्ठीपेक्षा हे खूपच कामाचं होतं. सहाव्या पानावर क्लार्क रात्री अंथरुणावर पडून पाप-पुण्याचा विचार करत होता, तो थेट आठव्या पानापर्यंत. मी ती रात्रच काढून टाकली. त्याऐवजी दुसऱ्या दिवशी त्याच्या सख्ख्या मामाची बैलगाडी काट्यावर आणून उभी केली. मामा पावती न वाचताच घडी घालून टोपीत ठेवतो, एवढंच.

नवी कथाही एका ठिकाणाहून परत आली, यावेळी एकही खूण नसताना. त्याचा अर्थ काय लावायचा ते कळेना, म्हणून एक शब्दही न बदलता ती दुसरीकडे पाठवली. हल्ली ई-मेलवर पाठवतो. नकारही येत नाही, नुसतं दिवाळीपर्यंत थांबायचं. त्यापेक्षा ते पाकीट बरं होतं, असं मला अजून वाटतं.

ती क्लार्कची कथा शेवटी जिल्ह्याच्या गावाहून निघणाऱ्या एका अंकात आली. मानधन नाही, अंकाची एक प्रत. शेवटची दोन वाक्यं संपादकांनी न विचारताच उडवली होती. चिडून फोन लावायला घेतला, आणि त्याआधी एकदा छापलेलं वाचून पाहिलं. फोन केला नाही.