कर्जाचे दुखणे

गेल्या वर्षी आंब्याचा हंगाम अवकाळी पावसात गेला आणि आमच्या घरातली झोपही गेली. यजमान रात्र रात्र पडवीत येरझारा घालीत. रक्तदाब वाढला, जेवण तुटले. डॉक्टरांनी गोळी लिहून दिली आणि विचारले, "मनावर कसले ओझे आहे?" ते गप्प राहिले. मीच म्हणाले, "कर्जाचे."

बँक, पतसंस्था आणि व्याजाने पैसे देणारे एक गृहस्थ, असे तीन धनको. हेदवीसारख्या गावात अशी गोष्ट लपत नाही, तरी आम्ही लपवीत होतो. कोणी विचारील या भीतीने दशभुजा गणेशाच्या देवळात जाणेही सोडले. या लाजेचा वास एका शहरी सल्लागाराला लागला. "नादारी करून देतो, सगळे कर्ज माफ होईल," असे सांगून त्याने चाळीस हजार रुपये मागितले. मी मंगळसूत्र मोडायला निघाले होते. गावातल्या आशा सेविकेने अडवले. "वहिनी, आधी रत्नागिरीला जिल्हा विधी सेवा प्राधिकरणात तरी विचारा. बायकांना तिथे वकील फुकट मिळतो."

तवसाळहून फेरीबोटीने जयगडला उतरून आम्ही रत्नागिरी गाठली. विधी सेवा प्राधिकरण अधिनियम, 1987 प्रमाणे स्त्रीला उत्पन्नाची अट न लावता मोफत वकील मिळतो, हे तेथे कळले. अनुसूचित जाती-जमातींतील व्यक्ती, अपंग, आपद्ग्रस्त आणि ठरावीक मर्यादेपेक्षा कमी उत्पन्न असलेले यांनाही हा हक्क आहे. कर्जाच्या कागदांवर माझीही सही होती, म्हणून अर्ज माझ्या नावे केला.

नेमून दिलेल्या वकीलबाईंनी कागद पाहिले आणि नादारी म्हणजे काय ते समजावले. आपल्या भागात सामान्य माणसासाठी अजून 1920 चा प्रांतिक नादारी अधिनियमच चालतो. अर्ज जिल्हा न्यायालयात करायचा. प्रत्येक धनको आणि प्रत्येक मालमत्ता त्यात लिहायची. लपवाछपवी हा गुन्हा ठरतो. तारण ठेवलेल्या मालमत्तेवरचा बँकेचा हक्क त्याने सुटत नाही. नादार ठरवल्यावरही कर्जातून मुक्ती न्यायालयाच्या आदेशानेच मिळते. ती कोणी विकत आणून देऊ शकत नाही.

"ताई, हा शेवटचा दरवाजा," त्या म्हणाल्या. "आधी अलीकडचे वाजवून पाहू." बँक आणि पतसंस्था यांच्याशी तडजोडीसाठी दावा दाखल होण्यापूर्वीच लोकअदालतीत प्रकरण ठेवता येते. त्याला न्यायालयीन शुल्क नाही, आणि तेथे झालेला निवाडा दोन्ही बाजूंना बांधतो. तिसऱ्या गृहस्थांकडे सावकारीचा परवाना नव्हता. त्यांच्याविरुद्ध 2014 च्या सावकारी कायद्याखाली सहकार खात्याच्या जिल्हा उपनिबंधकांकडे तक्रार करता येते. बँकेच्या वसुली प्रतिनिधीने सकाळी आठपूर्वी वा सायंकाळी सातनंतर फोन करायचा नाही, हा रिझर्व्ह बँकेचा नियमही तेव्हाच कळला.

पहिले काम मात्र आमच्याकडे होते, संपूर्ण यादी करण्याचे. स्वयंपाकघरात बसून यजमानांनी एकेक रक्कम वहीत उतरवली. मला ठाऊक नसलेल्या दोन रकमा निघाल्या. राग आला, पण त्यांच्या हाताचा कंप पाहून मी काही बोलले नाही. त्या रात्री ते कित्येक महिन्यांनी पहाटेपर्यंत झोपले.

बँक आणि पतसंस्थेशी हप्त्यांवर तडजोड झाली. बागेचा एक तुकडा विकावा लागला. सावकाराविरुद्धची तक्रार अद्याप चालू आहे आणि रक्तदाबाची गोळीही. नादारीच्या अर्जाचा मसुदा कपाटात आहे. वेळ आलीच तर तो दाखल करू, आणि त्याची लाज वाटणार नाही.

ज्या घरात असे ओझे असेल, त्यांनी दागिना मोडण्याआधी विधी सेवेच्या 15100 या क्रमांकावर विचारावे. मन फारच खचले असेल तर टेली-मानसचा 14416 हा क्रमांक रात्रीही उचलला जातो. आणि वही घरातल्या माणसांसमोर उघडावी. आम्ही ती फार उशिरा उघडली.