पट्टा बदलला, तरी गाडी रडतेच

आज पिकाचं नाही, पिकअपचं सांगतो. माल कितीही चांगला निघाला तरी तो बाजारात नेते शेवटी गाडीच.

आमची गाडी जुनी, डिझेल. पुढे एकच फॅन बेल्ट, त्यावर पंखा, वॉटर पंप आणि डायनामा तिन्ही चालतात. दिवाळीच्या आधीपासून पहाटे स्टार्टर मारला की चींऽऽ करून अशी किंचाळायची की गोठ्यातली जनावरं उठून उभी राहायची. दोन मिनिटांनी गप्प. हेडलाइट लावली की परत थोडी. फिटरने बघितलं न बघितलं आणि नवा पट्टा टाकून दिला. आठ दिवस बरे गेले, मग पुन्हा तेच रडगाणं.

शेजारचे आण्णा म्हणाले, "साबण लाव आतून." गिरणीच्या पट्ट्याला राळ लावतात तसलाच हा सल्ला. आवाज बंद होतो, पण पट्टा का घसरतो ते तसंच राहतं. मी नाही लावला.

आधी नुसता विचार केला. पहाटेच का? रात्रीच्या गारठ्याने रबर कडक असतं, आणि स्टार्टरने बॅटरीतला करंट खाल्लेला असतो, तो भरून काढायला डायनामा जोर लावतो. लाइट लावली की तेच. म्हणजे ओढ वाढली की पट्टा पुलीवर घसरतोय. मग बाटलीतलं घोटभर पाणी चालू पट्ट्यावर लांबूनच टाकलं. पाण्याने आवाज थोडा वेळ थांबून परत आला तर बहुतेक पुल्या एका रेषेत नसतात. वाढला तर पट्टा ढिला किंवा घसरतोय. आमचा वाढला.

गाडी बंद केली, चावी खिशात घातली. हे मुद्दाम लिहितोय. आमच्या वडिलांच्या उजव्या हाताचं एक बोट पेरापासून नाही, ऑइल इंजिनच्या पट्ट्याने नेलं. त्यामुळे मी बोनेटमध्ये वाकलो की पोरगा केबिनच्या जवळपास पण नको.

दोन पुल्यांच्या मधोमध अंगठ्याने दाबलं. साधारण बोटाच्या जाडीइतका, सेंटिमीटरभर, दबायला पाहिजे. दोन सेंटिमीटर गेला. नवा पट्टा पहिल्या काही दिवसांत बसतो, थोडा लांबतो, तेव्हा परत ताणावा लागतो. ते राहून गेलं होतं. डायनाम्याचा बोल्ट सैल केला, टॉमीने बाहेर ओढला, आवळला. गप्प! मी खूश.

चार दिवस. पाचव्या दिवशी परत चीं.

खरं सांगतो, तेव्हा टॉमी घेऊन अजून ताणायला निघालो होतो. घरात 60 कॅरेट टोमॅटो भरून ठेवलेले, पिंपळगावला जायचं होतं, डोकं जागेवर नव्हतं. बोल्ट सैल केला आणि सहज पंख्याचं पातं धरून पुढे-मागे हलवलं. खटखट. पट्टा उतरवून पंखा हाताने फिरवला तर खरखर. डायनाम्याची पुली मात्र लोण्यासारखी फिरत होती. बॅटरी लावून वॉटर पंपाच्या खाली बघितलं तर बारीक भोकातून खाली हिरवट वाळलेला ओघळ. पंपाचं सील गेलं की कूलंट त्या भोकातून बाहेर येतं. ते पट्ट्यावर उडत होतं, म्हणून पट्टा घसरत होता. पट्ट्याच्या कडा काचेसारख्या चकाकत होत्या. व्ही पट्टा कडांनीच पकडतो, कडा गुळगुळीत झाल्या की संपला.

मी अजून ताणला असता तर सगळा भार त्या खिळखिळ्या बेअरिंगवर. ते रस्त्यात बसलं असतं तर पट्टा तुटून इंजिन तापलं असतं, नाहीतर पंखा थेट रेडिएटरच्या जाळीत. टोमॅटो वाटेत, आणि इंजिनचं हेड उघडायचा खर्च डोक्यावर. अंगावर काटा आला.

माल त्या दिवशी भाऊच्या ट्रॅक्टरला ट्रॉली जोडून पाठवला, पोचायला उशीर झाला, भाव थोडा पडून मिळाला. जाऊ द्या. दुसऱ्या दिवशी नवा पंप बसवला. पुल्या साबणाच्या पाण्याने धुतल्या. डिझेलने नाही, त्याने रबर फुगतं. कूलंट प्यायलेला तो पट्टाही काढून टाकला, जेमतेम महिन्याचा होता तरी. आईने लगेच उचलून गोठ्याच्या फाटकाला बांधला.

फिटरला सांगितलं तर म्हणाला, "तुम्ही पट्टा सांगितला, मी पट्टा टाकला." चुकीचं तरी काय बोलला!

आज पहाटे पाच वाजता स्टार्टर मारला. नुसता डिझेलचा खडखडाट. नव्या पट्ट्याचा ताण येत्या रविवारी परत बघायचाय, या वेळी भिंतीवरच्या कॅलेंडरवर लिहून ठेवलंय. तुमची गाडी कधी रडते, गार असताना की तापल्यावर, खाली लिहा.