गाडीत काहीच नाही!

मागच्या दिवाळीत फ्रीगंजच्या घरी गेलो, तर बाबांची जुनी स्कूटर चादरीखाली झाकलेली. "विकून टाक," ते म्हणाले. दर मंगळवारचं मंगळनाथही त्यांनी सोडलं होतं.

कारण एकच. मंगळनाथहून परत येताना फ्रीगंजच्या पुलावर, चढावर, स्कूटर बंद पडायची. मेकॅनिकने तीनदा टॉवर चौकात चक्कर मारून पाहिली आणि म्हणाला, "अंकलजी, गाड़ी में कुछ नहीं है." मीही फोनवर म्हणालो होतो, "बाबा, तुमचंच काही चुकत असेल. आता वय झालं."

खरं तर मी सॉफ्टवेअरवाला, मला हे कळायला हवं होतं. ग्राहक बिघाड सांगतो, माझ्या कॉम्प्युटरवर तो दिसत नाही, मी 'आढळला नाही' असं लिहून तक्रार बंद करतो. काही दिवसांनी तीच तक्रार परत येते.

मोठ्या यंत्रांचंही असंच होतं. ३ मार्च १९९१ रोजी अमेरिकेत कोलोराडो स्प्रिंग्जजवळ बोइंग ७३७ विमान कोसळलं, २५ माणसं गेली. जवळजवळ दोन वर्षं तपास झाला, पण नक्की कारण सापडलं नाही. १९९४ मध्ये पिट्सबर्गजवळ तसंच आणखी एक पडलं, १३२ जण गेले. १९९६ मध्ये तिसऱ्या विमानाला असाच झटका बसला, पण ते सुखरूप उतरलं आणि काय झालं ते सांगायला वैमानिक हयात होता. शेपटीवरचं रडर वळवणारा व्हॉल्व्ह साध्या तपासणीत ठीक वाटायचा. तो अतिशय थंड करून त्यात एकदम गरम हायड्रॉलिक तेल सोडलं, तेव्हा अडकला. पुढे ७३७ विमानांची रडरची रचनाच बदलावी लागली.

भाऊबीजेनंतरच्या मंगळवारी मी बाबांच्या मागे बसून मंगळनाथला गेलो. येताना पुलावर स्कूटर थांबलीच. बाबांनी सवयीने पेट्रोल बघायला टाकीचं झाकण उघडलं. 'फुस्स' आवाज झाला. दोन किक मारल्या, स्कूटर चालू!

झाकणातलं हवेचं बारीक छिद्र मातीने बुजलं होतं. पाच-सहा किलोमीटरमध्ये टाकीत हवेचा दाब कमी व्हायचा आणि पेट्रोल उतरेनासं व्हायचं. मेकॅनिक तर आधी झाकणच उघडायचा, आणि त्याची चक्करही छोटी. मग बिघाड दिसणार कसा? जाताना पूल सुरुवातीलाच लागतो, म्हणून तेव्हा कधी अडचण आली नाही. हे बाबांनी सगळ्यांना सांगितलं होतं, मलासुद्धा.

आईच्या सुईने छिद्र मोकळं केलं. बाबांना म्हटलं, "माझंच चुकलं." ते हसून म्हणाले, "अरे, मलाही वाटायला लागलं होतं, माझंच काही चुकतंय."

ते वाक्य अजून टोचतं. आता ऑफिसात तक्रार बंद करण्याआधी मी ग्राहकाला फोन करून विचारतो, "त्या वेळी नक्की काय काय चाललं होतं?" आणि मंगळवारी संध्याकाळी बाबांचा फोन येतो, "पोचलो रे, पुलावर थांबली नाही."