ड्रुइडांचा गोपनीय अहवाल

जे फाईलवर नाही ते घडलेच नाही, असे आमच्याकडचे जुने लोक नव्या कारकुनास पहिल्याच आठवड्यात सांगतात. बारा वर्षे टिपणे आणि मसुदे लिहिण्यात गेल्यावर माझाही त्यावर विश्वास बसला होता. गेल्या हिवाळ्यात तो ड्रुइडांनी डळमळीत केला.

ड्रुइड म्हणजे प्राचीन गॉल आणि ब्रिटनमधील केल्टिक लोकांचे पुरोहित. आणि न्यायाधीश व गुरूही तेच. दिल्लीच्या थंडीत रजईत शिरून मी सीझरचा गॉलमधील युद्धांचा वृत्तांत वाचीत होतो. लढाया भराभर उलटल्या आणि सहाव्या भागात थबकलो. ड्रुइडांचे काही शिष्य म्हणे वीस वीस वर्षे पद्ये पाठ करीत! लिपी नव्हती असे नाही. हिशेबठिशेबास ग्रीक अक्षरे चालत. विद्या मात्र लिहावयाची नाही. सीझर ह्याची दोन कारणे देतो: एक, ती चारचौघांत पसरू नये, दुसरे, कागदावर विसंबून शिष्यांची स्मरणशक्ती सुस्त पडू नये.

त्यांच्या नावात आपला 'विद्' धातू दडलेला आहे, असे भाषाशास्त्रज्ञ सांगतात. आधीच्या 'द्रु'चा संबंध कोणी ओक वृक्षाशी, म्हणजे आपल्या 'द्रुमा'शी लावतात, तर कोणी त्याचा अर्थ 'दृढ' असा करतात. परमुलखात अचानक गाववाला भेटावा तसे मला झाले.

परंतु हा गाववाला बोलत नाही. इसवी सन ६०च्या सुमारास रोमन सेनापती सुएटोनियस पॉलिनसने वेल्सजवळच्या मोना बेटावर चाल करून त्यांच्या पवित्र राया तोडल्या. त्यांची विद्या कुठल्याच पानावर नव्हती. गुरू गेले तशी तीही गेली. उरले ते रोमनांचे लेखन. प्लिनी सांगतो की चंद्राच्या षष्ठीस पांढऱ्या वस्त्रातला ड्रुइड ओकवर चढून सोन्याच्या विळ्याने बांडगूळ कापतो. (सोन्याची धार कितपत चालत असेल, हा प्रश्न त्याला पडलेला दिसत नाही.) सीझर नरबळीच्या भयंकर कथा सांगतो. त्या खोट्याच असतील असे मी म्हणत नाही. पण ज्याच्या गोपनीय अहवालावर केवळ प्रतिपक्षाचीच सही आहे, त्याच्याविषयी काय ठरवावे?

शिवाय कोऱ्या फाईलीत कोणीही काहीही घुसडतो. १७४० साली स्टकलीने स्टोनहेंज ड्रुइडांच्या नावावर चढविले. ते प्रचंड पाषाण इसवी सनापूर्वी २५००च्या सुमारास उभे राहिले. ड्रुइडांचे उल्लेख त्यानंतर दोन हजारांहून अधिक वर्षांनी येतात. १७९२ साली योलो मॉर्गनग ह्या वेल्श कवीने लंडनच्या एका टेकडीवर स्वतःच रचलेला विधी 'प्राचीन' म्हणून साजरा केला. लोकांना तो आवडला, हे विशेष.

आमचे वेदही मुखोद्गतच राहिले. पण पद, क्रम, जटा, घन असे पाठ रचून शब्द जागच्या जागी खिळवून ठेवणारी माणसे पिढ्यान्‌पिढ्या मिळत गेली. ड्रुइडांची साखळी तुटली, एवढाच काय तो फरक. आणि साखळी तुटावयास दर वेळी रोमन सैन्यच लागते असे नाही.

सहा वर्षांपूर्वी रजेवर साताऱ्याकडे गावी गेलो असता जात्यावरच्या ओव्या उतरून घ्याव्यात म्हणून आजीपुढे वही घेऊन बसलो. "जातं फिरल्याबिगर ओवी कशी येईल रं बाळा?" ती म्हणाली. जाते परसात तुळशीमागे पडलेले. त्याचा खुंटा कधीच नाहीसा झालेला. तरी माझ्या आग्रहाखातर मांडीवर हात फिरवीत तिने थोडे म्हटले, मग अडखळली, आणि "लिवू नगं, आइक" असे काहीसे चिडूनच म्हणाली. मला वाटले, पुढल्या खेपेस सुताराकडून खुंटा बसवून घेऊ. पुढली रजा अर्थसंकल्पाच्या धांदलीत मंजूर झाली नाही. चैत्रात आजी गेली.

त्या वहीत दोन ओव्या पुऱ्या आहेत आणि तिसरीचे दोन चरण. दुसरीतल्या एका शब्दाचा अर्थ मला लागत नाही. आत्याला विचारले. तिने तो लहानपणापासून ऐकलेला, पण आजीला अर्थ विचारावयाचा तिचाही राहूनच गेला होता.