इकितोसला निघालात? आधी गोळ्यांची यादी काढा

अमेझॉनच्या जंगलात बसून 'आयाहुआस्का' प्यायची, हे सध्याचं मोठं फॅड आहे. कॅन्टीनच्या गप्पांतही हे नाव हल्ली ऐकू येतं. पण हा काही गोव्याचा लाँग वीकएंड नाही. इथं पॅकिंग बॅगेपासून नाही, औषधांच्या डब्यापासून सुरू होतं.

पेरूच्या नकाशात इकितोस शोधा. सापडलं? आता तिथं जाणारा रस्ता शोधा. नाही सापडणार, कारण तो नाहीच! चार लाखांवर वस्तीचं हे शहर बाहेरच्या जगाशी रस्त्यानं जोडलेलंच नाही. लिमाहून दोनेक तासांचं विमान पकडा, नाहीतर नदीतून काही दिवस बोटीत हॅमॉकवर झोपत या. शहरातून निघणारा एकच मोठा रस्ता सुमारे शंभर किलोमीटरवरच्या नौता गावात जाऊन थांबतो. बाकी सगळीकडे पाणी आणि जंगल.

शहरात मात्र कलकलाट आहे. पुढे मोटरसायकल आणि मागे दोघातिघांचं बाकडं अशी मोटोटॅक्सी, म्हणजे आपल्या रिक्षाची चुलत बहीणच. चौकात आख्खं लोखंडी पत्र्यांचं घर उभं आहे, 'कासा दे फिएर्रो'. नदीकाठच्या जुन्या इमारतींवर युरोपातून आणलेल्या रंगीत फरशा दिसतात. हा सगळा १८८० ते १९१२च्या सुमाराचा रबराचा पैसा. त्या श्रीमंतीची किंमत पुतुमायो खोऱ्यातल्या आदिवासींनी गुलामीत आणि जिवानं मोजली, हेही फरशांचे फोटो काढताना आठवलेलं बरं. बेलेनच्या बाजारात एक अख्खी गल्ली मुळ्या, साली आणि औषधी बाटल्यांची आहे. तिथं आयाहुआस्काही मिळते. पहिला नियम इथंच लिहून घ्या : बाजारातली बाटली घेऊन स्वतः प्रयोग करायचे नाहीत.

वेल आणि पान

केचुआ भाषेत 'आया' म्हणजे आत्मा किंवा मेलेला माणूस आणि 'वास्का' म्हणजे दोर, वेल. नाव वेलीचं असलं तरी काढ्यात साधारणपणे दोन झाडं असतात. एक ही वेल आणि दुसरं चक्रुना नावाच्या झुडपाचं पान. पानात डीएमटी असतं. नुसतं पान उकळून प्यायलात तर फारसं काही होत नाही, कारण पोटातलं 'एमएओ' हे एन्झाइम डीएमटीचा फडशा पाडतं. वेलीतली हार्मिनसारखी द्रव्यं नेमकं हे एन्झाइम अडवतात आणि मग डीएमटी मेंदूपर्यंत पोचतं. इतक्या झाडांच्या जंगलात ही जोडी जुळली कशी? शिपिबो वैद्यांचं उत्तर सोपं आहे : झाडांनीच सांगितलं.

समारंभ होतो रात्री, 'मालोका' नावाच्या मोठ्या गोल झोपडीत. गाद्या मांडलेल्या आणि प्रत्येकासमोर एक बादली. हो, बादली. उलटी हा इथं अपघात नाही, उपचाराचाच भाग आहे. म्हणून काढ्याला 'ला पुर्गा', म्हणजे जुलाब, असंही म्हणतात. पेला प्यायल्यावर दिवे मालवतात. अर्ध्या ते एक तासात असर सुरू होतो आणि चार ते सहा तास टिकतो. वैद्य अंधारात 'इकारो' गातात, मापाचो तंबाखूचा धूर सोडतात. २००८ साली पेरूनं या काढ्याशी निगडित आदिवासी ज्ञानाला राष्ट्रीय सांस्कृतिक वारसा म्हणून मान्यता दिली. थोडक्यात, हे तिथं कुणाच्या पार्टीचं सामान नाही.

खरा धोका कुठे आहे?

पोटातलं तेच एन्झाइम शरीरात सेरोटोनिनचीही विल्हेवाट लावतं. एमएओ अडवलं आणि त्याच वेळी सेरोटोनिन वाढवणारं औषध अंगात असलं, तर 'सेरोटोनिन सिंड्रोम' होऊ शकतो. ताप, थरथर, स्नायू ताठणं, झटके आणि कधीकधी मृत्यूसुद्धा. आता ही औषधं कोणती? सेर्ट्रालिन, एस्सिटालोप्रॅम, फ्लुओक्सेटिन... तुमच्या मजल्यावर किमान एकाच्या ड्रॉवरमध्ये असतील अशी! त्यात फ्लुओक्सेटिन बंद केल्यावरही आठवडेच्या आठवडे अंगात राहतं. दुखण्यावरचं ट्रॅमाडॉल, कोरड्या खोकल्याच्या सिरपमधलं डेक्स्ट्रोमेथॉर्फन आणि सर्दीच्या गोळीतलं स्यूडोएफेड्रिनही याच यादीत येतं. लिथियम घेणाऱ्यांना झटक्यांचा धोका. 'आपलं आयुर्वेदिक आहे, त्याला काय होतंय' हेही नको. टॉनिकमधल्या कौचबीजात, म्हणजे खाजकुयलीच्या बियांत, एल-डोपा असतं आणि एमएओ अडवलेलं असताना त्यानं रक्तदाब भडकू शकतो.

बऱ्या केंद्रांच्या फॉर्ममध्ये हे सगळं विचारतात. आणि नेमका इथंच आपला घोळ होतो. आपल्याला गोळ्या लपवायची सवय असते. आईपासून लपवतो, एचआरपासून लपवतो, स्थळ सांगून आलेल्यांपासून तर लपवतोच. पाच वर्षं सांभाळलेलं गुपित परदेशातल्या एका फॉर्मवर कोण लिहिणार? मग बहुतेक जण 'नाही'वर टिक मारतात. घरी त्या खोट्याचा फार तर मनस्ताप होतो. मालोकात, हॉस्पिटलपासून दोन तासांच्या बोटीवर, त्यानं जीव जाऊ शकतो.

म्हणून सोपा नियम : गोळ्या चालू असतील तर ट्रिप नाही आणि ट्रिपसाठी गोळ्या बंद नाहीत. आपल्या मनानं औषध सोडणं हा दुसरा धोका. कमी करायचंच असेल तर ते आजार बघून डॉक्टर ठरवतील, तिकिटाची तारीख बघून नाही.

आईला एक फोन

फॉर्ममधला दुसरा अवघड प्रश्न घराण्याचा असतो. जवळच्या नात्यात कुणाला स्किझोफ्रेनिया किंवा बायपोलर? आपल्याकडे या आजारांना नावच नसतं. एखादी आत्या 'जरा हळवी' असते, एखाद्या काकांचं 'डोक्यावर परिणाम झाला होता' एवढ्यावर विषय मिटतो, मधलं एक वर्ष कुणी बोलतच नाही. पण घरात असा आजार असेल तर हा काढा सुप्त गोष्ट जागी करू शकतो आणि ती सहा तासांत संपत नाही. तेव्हा जायच्या आधी आईला फोन लावा. "आत्याला नक्की काय झालं होतं गं?" असं सरळ विचारा. उत्तर मिळायला दोन-तीन फोन लागतील, पण विचारा. हृदयविकार, आटोक्यात नसलेला रक्तदाब, फिट्स किंवा गरोदरपण असेल तर विषय तिथंच संपवा.

"पण त्यानं डिप्रेशन बरं होतं म्हणे!" ब्राझीलमधल्या नाताल शहरात औषधांना दाद न देणाऱ्या डिप्रेशनच्या २९ रुग्णांवर एक अभ्यास झाला, तो २०१९ साली छापून आला. आठवड्यानंतर काढा घेतलेल्यांना नकली काढा घेतलेल्यांपेक्षा जास्त आराम होता. उमेद वाटावी असंच हे आहे. फक्त ते रुग्ण नीट पारखून घेतलेले होते आणि डॉक्टरांच्या देखरेखीखाली होते. जंगलातली झोपडी म्हणजे ती सोय नव्हे.

केंद्र कसं निवडाल?

झाडं मैत्रीची असतील, माणसांची खात्री करावी लागते. २०१२ साली पेरूत अशा केंद्रात १८ वर्षांचा एक अमेरिकन मुलगा दगावला आणि तिथल्या शामाननं त्याचं प्रेत पुरल्याची कबुली दिली. २०१५ साली इकितोसजवळच्या केंद्रात समारंभानंतर झालेल्या झटापटीत एक ब्रिटिश पाहुणा कॅनेडियन पाहुण्याच्या हातून मारला गेला. २०१८ साली उकायाली भागात शिपिबोंच्या वयोवृद्ध वैद्या ओलिव्हिया आरेवालो यांची गोळ्या घालून हत्या झाली. संशयावरून गावकऱ्यांनी एका कॅनेडियन माणसाला ठार केलं. म्हणजे या धंद्याची झळ पाहुण्यांना बसते तशी यजमानांनाही बसते. जानेवारी २०२५मध्ये तर लिमातल्या अमेरिकी वकिलातीनं आपल्या नागरिकांना 'हे घेऊच नका' असा इशारा दिला.

तरीही जायचंच असेल तर प्रश्न विचारायला लाजू नका. वैद्य कोण, कुठं शिकले? एका रात्री किती जण बसतात आणि काढा न घेतलेली किती माणसं जागी असतात? काही झालं तर बोट तयार असते का, हॉस्पिटल किती लांब? काढ्यात 'तोए' घालता का? हा आपल्या धोतऱ्याचा भाऊबंद. गावाकडे धोतरा खाल्लेला माणूस पाहिला असेल, तर पुढचं सांगायला नको. फॉर्म न भरताच पैसे घेणारं केंद्र पहिल्याच फटक्यात बाद.

मुलींनी आणखी एक बघावं. समारंभांमध्ये वैद्यांनी किंवा मदतनिसांनी गैरफायदा घेतल्याच्या तक्रारी उघडपणे पुढं आल्या आहेत. 'उपचारासाठी कपडे काढा', 'एकटीच ये' असं कुणी म्हणालं तर तो उपचार नाही. ओळखीच्या माणसासोबत जा आणि केंद्रात बायका काम करतात का ते आधी विचारा.

पथ्य म्हणजे काय?

आधीच्या दिवसांतल्या पथ्याला 'दिएता' म्हणतात. मीठ, साखर, तिखट, डुकराचं मांस, दारू आणि सेक्स, सगळं बंद. उरतो भात, उकडलेली केळी आणि मासा. उपासतापासात वाढलेल्यांना हे फार जड जाऊ नये! शिपिबोंसाठी हे झाडाशी ओळख करून घ्यायचं सोवळं आहे. डॉक्टरी कारण वेगळं : मुरवलेलं चीज, सोया सॉस, सुकी मासळी, बिअर यांतलं टायरामिन एमएओ अडवलं की रक्तदाब वाढवू शकतं. कारण कुठलंही पटो, पथ्य पाळा.

आणि परतीचं तिकीट दुसऱ्याच दिवसाचं काढू नका. जंगलातून थेट सोमवारच्या मीटिंगमध्ये बसणं कुणालाच झेपत नाही. राजीनामा, ब्रेकअप, लग्नाचा होकार, असले निर्णय काही आठवडे बाजूला ठेवा. घरी आल्यावर बोलायला एखादा समुपदेशक आधीच ठरवून ठेवा. हे सगळं वाचून 'यंदा नको' वाटलं, तर इकितोसची बोटीची सफर आणि नदीतला गुलाबी डॉल्फिनही पैसे वसूल करतात.

निघण्यापूर्वी

• यलो फीव्हरची लस सरकारमान्य केंद्रात, प्रवासाच्या किमान दहा दिवस आधी. पेरूहून परतताना कार्ड नसेल तर भारतात सहा दिवसांपर्यंत क्वारंटाइन होऊ शकतं.

• त्या भागात मलेरिया आहे. गोळी निवडताना डॉक्टरांना ट्रिपचा खरा हेतू सांगा. मेफ्लोक्विनचे मनावर परिणाम होऊ शकतात.

• सगळ्या औषधांची यादी इंग्रजी आणि स्पॅनिशमध्ये लिहून सोबत ठेवा. खोकल्याचं सिरपही त्यात आलं.

• काढा पेरूत कायदेशीर आहे. भारतात डीएमटी १९८५च्या एनडीपीएस कायद्याच्या यादीत आहे. आठवण म्हणून बाटली आणू नका.

• केंद्राचं नाव, जागा आणि परतीची तारीख घरच्या एका तरी माणसाला सांगून जा.