काळी, पांढरी आणि माळ

मराठी मुलखात गावाच्या जमिनीला दोन नावं आहेत: पिकाची ती काळी, वस्तीची ती पांढरी. नागपूरजवळच्या जुनापाणीचा मुरमाड माळ मात्र या दोन्हींत बसत नाही. तिथे धोंड्यांची सुमारे ३०० वर्तुळं आहेत. वर्तुळाच्या आत दगडगोट्यांचा बुटका उंचवटा आणि त्याच्या पोटात अडीच हजार वर्षांपूर्वीच्या लोहयुगीन माणसांची दफनं. पेरणीला निरुपयोगी जागा मृतांना देऊन टाकली, असा हिशेब चटकन सुचतो. मला तो उणा वाटतो. टाकाऊ म्हणून दिलेल्या जागेवर माणूस एवढा राबत नाही.

या राबण्याचा पुरावा जमिनीतच आहे. विदर्भात उकरलेल्या कित्येक वर्तुळांमध्ये गोट्यांबरोबर चिकट काळी माती भरलेली सापडली. मुरमाच्या माळावर ती आपोआप येत नाही. खालच्या सखल रानातून पाटीपाटीने चढवावी लागते. म्हणजे ज्या मातीवर घराचं पोट, तिच्यातलाच वाटा मृतांकडे गेला. धोंडेही नुसते ढकलून ठेवलेले नाहीत. काहींवर लहान वाटीसारखे खळगे ओळीने कोरलेले दिसतात. ट्रॅपचा, म्हणजे बेसाल्टचा, दगड हत्याराला सहजी दाद देत नाही. एकेका वाटीमागे कुणाचा तरी वेळ गेला आहे.

यावर कुणी म्हणेल, शेतातली वर्तुळं वखराखाली गेली, म्हणून माळावरचीच आपल्याला दिसतात. शक्य आहे. पण मग ‘निरुपयोगी जमीन मृतांना’ हा हिशेबच मोडतो. वाहून आणलेल्या मातीची साक्ष तशीच राहते. कुणी म्हणेल, काळी ओलाव्याने फुगते आणि खड्डा घट्ट बुजवते. त्यात माया कसली? पण मातीचा गुण ओळखून तो आपल्या माणसाच्या रक्षणासाठी वापरणं, यालाच मी माया म्हणतो. सर्वांत जड आक्षेप तिसरा: हा मान मूठभरांचाच असावा. नागपूरजवळच्याच माहुरझरीच्या अशा दफनांत घोड्याच्या मुखावरचे तांब्याचे अलंकार मिळाले. ते गरिबाघरचे नव्हेत. हे मान्यच करायला हवं. तरी एकट्या धनवंताने असले धोंडे ओढले नसतील. ज्यांच्या वाट्याला वर्तुळ आलं नाही, त्यांचे हातही या रचनेत आहेत, आणि त्यांची दुसरी खूण बहुधा उरलेली नाही. म्हणून हा माळ मुरमाच्या भावाने मोजू नये. त्या बुटक्या उंचवट्यांत पिकाऊ काळी भरली आहे, आणि ज्यांनी ती डोक्यावरून वर आणली, त्यांनी तिच्यात दाणा पेरला नाही.