ती. बैठकबाई यांस

शि. सा. न. वि. वि.

इकडील सर्व क्षेम. तुमची मात्र काळजी वाटते, कारण आमच्या बुद्धिबळाच्या वर्गाकडे तुम्ही हल्ली फिरकत नाही. वर्ग ओस पडलाय म्हणावं, तर तसंही नाही. १२ डिसेंबर २०२४ रोजी सिंगापुरात डिंग लिरेनला हरवून गुकेश अठराव्या वर्षी जगज्जेता झाला. २०२५च्या जुलैत आपल्या नागपूरच्या दिव्या देशमुखनं बातुमीत कोनेरू हंपीला हरवून महिला विश्वचषक आणला. तेव्हापासून आमच्या दारात चपलांचा ढीग असतो. पालक विचारतात, "सर, याचा आयक्यू तपासून घेऊ का?" तुमची चौकशी कोणी म्हणून करत नाही. पोराचं बूड पाच मिनिटं खुर्चीला टेकत नाही, पण आयक्यू काढायचा!

तुमचे आभार मानायचे राहिलेत, ते आधी मानतो. गुकेश-डिंग लढतीचा शेवटचा, चौदावा डाव आठवतो ना? गुण सारखे होते. गुकेशनं पहिलाच डाव गमावला होता, पण तो भरून काढला. अकरावा जिंकून आघाडी घेतली, तर बाराव्यात पुन्हा मार खाल्ला. चौदाव्यात दोघांकडे हत्ती आणि उंट, गुकेशकडे एक प्यादं जास्त. बरोबरीच होणार, असं जाणकारही म्हणत होते. दुसरा कोणी हात मिळवून जेवायला गेला असता. हा तुम्हाला धरून बसला, काही न बिघडवता एकेक चाल करत राहिला. ५५व्या चालीला डिंगनं हत्तीला हत्ती भिडवला. त्याचा उंट कोपऱ्यात पडलेला. हत्ती गेले की उंटांचीही मारामारी होणार आणि उरलेल्या प्याद्यांत डाव हरणार, हे त्याच्या ध्यानात आलं तेव्हा चाल होऊन गेली होती. जिंकल्यावर गुकेश रडला, आणि रडत रडत सगळी मोहरी पुन्हा आपापल्या घरात मांडून ठेवली. तुमचे संस्कार, दुसरं काय!

आता तक्रार. तुम्ही कधीकधी फार ताणता. १९८४च्या सप्टेंबरात मॉस्कोत कार्पोव्ह-कास्पारोव्ह बसले. सहा डाव आधी जिंकेल तो जगज्जेता. एकवीस वर्षांचा कास्पारोव्ह पहिल्या नऊ डावांत चार हरला. मग तुम्ही त्याच्या मानगुटीवर बसलात आणि पठ्ठ्यानं सलग सतरा डाव बरोबरीत सोडवले. सत्तावीस डावांनंतर ०-५ असा मागे होता, तरी उठेना. ४८ डाव झाले, पाच महिने गेले, कार्पोव्ह वाळून चिपाड झाला आणि शेवटी लढतच थांबवावी लागली. १९८५ सालीच नव्या लढतीत कास्पारोव्ह जगज्जेता झाला. तो तुमचाच विजय म्हणा, पण बाई, माणसांच्या तब्येतीकडे बघत जा जरा.

आणि सगळं श्रेय तुम्हीच लाटू नका. पाच-सात चाली पुढचं डोळ्यांपुढे दिसावं लागतं, शेकडो एंडगेम पाठ असावे लागतात, लहानपणीच सुरुवात व्हावी लागते. घरच्यांनाही झीज सोसावी लागते. गुकेशच्या वडिलांनी कान-नाक-घशाची प्रॅक्टिस बाजूला ठेवली होती. पण एवढं सगळं असलेली पोरं आता उदंड आहेत. त्यांच्यात वरचा कोण, हे पाचव्या तासाला ठरतं, आणि त्या वेळी हजर फक्त तुम्ही असता.

आमच्या मंडळातले मास्तर तुमचे खरे भक्त. खेळताना आम्हाला दोन्ही तळहात मांड्यांखाली दाबून बसवायचे, म्हणजे हात मोहऱ्याकडे आपसूक जाणार नाही. एकदा राजा-प्याद्यांचा एक रटाळ डाव रेंगाळला आणि शिपाई कुलूप लावायला आला. मास्तरांनी किल्ली काढून घेतली. मला म्हणाले, "खेळ रे सावकाश, कुणाचं दूध नासत नाहीये."

आता मुलं मोबाइलवर एकेका मिनिटाचे डाव खेळतात. हरलं की लगेच दुसरा. हरलेला डाव पुन्हा मांडून बघ म्हटलं, की पोटात दुखायला लागतं. जगज्जेत्या बोट्विनिकनं तर आपल्याच डावांची जाहीर चिरफाड केली, आणि इतरांनाही तेच सांगितलं. आमच्याकडे पोराआधी आई उठते. "सर, सव्वासहाला अबॅकस आहे."

तेव्हा विनंती अशी, की येत्या रविवारी पालकसभा ठेवली आहे, तीस जरूर यावे. मुलांचं मागाहून बघू. आधी पुढच्या रांगेत त्यांच्या आईबापांच्या शेजारी येऊन बसा, आणि चहा झाल्याशिवाय कोणाला उठू देऊ नका.

कळावे, लोभ असावा ही विनंती.

आपला,
एक जुना प्यादा